शेपटी शिवून होईपर्यंत

टेलरबाईंना विज्ञानकथा सुचायच्या त्या शिलाई मशीनवरच. पाय मशीनवर, डोकं मंगळावर. शर्टांना कॉलर लावता लावता अख्खी कथा तोंडपाठ व्हायची, मग रविवारी वहीत उतरायची. अशा सात वह्या भरल्या होत्या. नवरा पहिल्याच पानावर "छान आहे हो" म्हणून मोकळा व्हायचा, नणंद बसल्या बसल्या घोरायची. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. बाईंना हवा होता एकच परका माणूस, कथा शेवटपर्यंत ऐकणारा.

म्हणून त्या विज्ञानकथांच्या संमेलनाला गेल्या. तिथे नवोदितांना वाचायला दहा-दहा मिनिटं मिळायची. दारावरच्या तक्त्यात नाव घालायचं, वेळ संपली की घंटा. बाराची वेळ मोकळी दिसताच बाईंनी झडप घातली. ती मोकळी का, हे जुन्या खोडांना ठाऊक होतं. बाराला खाली वेशभूषेची मिरवणूक निघायची आणि वर चिटपाखरूही फिरकायचं नाही.

बारा वाजले. खोलीत वीस खुर्च्या आणि एक घंटेवाले आजोबा. बाईंना फार वाईट वाटलं, पण हातपाय गाळणारी बाई नव्हे ती.

तेवढ्यात दारात हिरवा ड्रॅगन उभा राहिला. आतून मुलीचा रडवेला आवाज आला, "कुणाकडे सुई-दोरा आहे का हो? शेपटी उसवलीय!"

बाईंच्या पर्समध्ये एक वेळ रुमाल नसेल, सुई-दोरा असायचाच.

"बस इथे. मी शिवते, तू गोष्ट ऐक. मध्ये बोलायचं नाही. आजोबा, घड्याळ लावा!"

वही मिटलेलीच राहिली. हात शेपटीत, तोंडी कथा. चंद्रावर अंतराळवीरांचे पोशाख रफू करणारी एक बाई होती. तिच्याकडे एक दिवस चार बाह्यांचा पोशाख आला.

कथा अर्ध्यावर आली आणि शेपटी शिवून झाली. चार टाके उगाच वाढवता आले असते, पण अडकवून ठेवलेला श्रोता बाईंना नको होता. त्यांनी दातांनी दोरा तोडला.

"झाली. पळ, मिरवणूक गाठशील."

ड्रॅगन उठला नाही. त्याने डोकं काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. आत घामाने निथळलेली मुलगी होती.

"मिरवणूक काय, पुढच्या वर्षी आहेच. ते जास्तीचे दोन हात कुणाचे होते, ते सांगा ना मावशी."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी घंटा खिशात घातली आणि खुर्ची पुढे ओढली.