उभ्यानं लिहिलेला कबुलीजबाब

"उभी राहूनच लिही. दोन मिनिटांचं काम आहे."

खोलीत सहा खुर्च्या होत्या. एकीवर सर, माझे बॉस. पाच रिकाम्या. मी टेबलावर वाकून लिहीत होते. इथे परदेशात, आर्नहेमच्या आमच्या ऑफिसात मीटिंगच्या खोल्यांना काचेच्या भिंती आहेत. पारदर्शकता हे कंपनीचं मूल्य आहे, असं लिफ्टजवळ लिहिलेलंही आहे. त्यामुळे माझी सगळी टीम हातात कॉफी घेऊन पारदर्शकपणे बघत होती.

सर सांगत होते, मी उतरवून घेत होते. मी तुमच्या लॉगिनचा गैरवापर केला. ग्राहकांची यादी माझ्या हातून बाहेर गेली. मला पश्चात्ताप होतो.

"'मनापासून' घाल त्याच्या आधी," सर म्हणाले. घातलं. सही केली.

कागदाची घडी घालताना ते मायेनं म्हणाले, "तुझ्या एकटीचा दोष नाही गं बाळ. तुमच्यात पहिल्यांदाच कोणाच्या हाती काही लागलं, की असं होतं."

तुमच्यात. माझं आडनाव ऐकल्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात गाव विचारलं होतं, मग वडील काय करतात. मग नुसतं "अच्छा" म्हणाले होते. सर पुण्याचे, राहायला बुइटनव्हेल्डर्ट या उपनगरात. मराठी मंडळाचे पदाधिकारी. गणपतीत संस्कारांवर बोलतात आणि आरतीच्या ताटाला पहिला हात कोणाचा, हे डोळ्यांनी ठरवतात.

आता खरं काय घडलं ते. सर लवकर निघायचे आणि जाताना म्हणायचे, "माझ्या लॉगिननं रिपोर्ट पाठवून टाक." पासवर्ड टीममध्ये चौघांना ठाऊक होता. पुण्याच्या ऑफिसातही आम्ही असंच काम करत आलो. साहेबांचा पासवर्ड मिळणं म्हणजे विश्वासातला माणूस होणं. मलाही त्याचा अभिमान वाटायचा, हे लपवत नाही. एका आठवड्यात त्याच लॉगिनमधून ग्राहकांची यादी बाहेरच्या एका कंपनीला गेली. ती कोणी पाठवली, मला आजही माहीत नाही. मी पाठवली नाही. सर म्हणाले, "पासवर्ड मी कोणालाच दिला नव्हता." उरलेले तिघे काचेपलीकडे होते.

मग जे केलं नाही ते मी लिहून का दिलं?

कारण मला सवय होती. सातवीत प्रयोगशाळेतलं भिंग हरवलं, मी लिहून दिलं. वसतिगृहाच्या भांडारात साखर कमी भरली, मी लिहून दिलं. बाबा शाळेत शिपाई होते. ते म्हणायचे, "लिहून टाक बाई, वर्ष वाया जायला नको." लिहिलं की वर्गात बसू द्यायचे. कागद हेडमास्तरांच्या कपाटात जायचा आणि तिथेच पिवळा पडायचा. मला वाटलं, सगळीकडे कपाटंच असतात.

इथे कपाट नव्हतं. तीन आठवड्यांनी पोलिसांचं पत्र आलं. अत्यंत सभ्य पत्र. मोबाइलनं भाषांतर करून दिलं: संगणकात बेकायदा प्रवेश, संशयित म्हणून जबाब. नमस्कारासह.

मी सरांना फोन केला. माझी अक्कल तेव्हा तेवढीच होती.

"कंपनीला पोलिसांना कळवावंच लागतं गं," सर म्हणाले. "तू जा, सरळ सगळं सांगून ये. वकील-बिकील करू नकोस. वकील केला की माणूस दोषी दिसतो."

मी जवळजवळ तशीच जाणार होते. पत्राच्या दुसऱ्या पानावर एक ओळ होती: जबाबाआधी तुम्हाला वकिलाशी बोलण्याचा हक्क आहे. ती मी चारदा भाषांतर करून पाहिली. चारही वेळा हक्कच आला.

वकीलबाई चीजचं सँडविच खात होत्या, माझी फाइल पोळपाटासारखी पुढ्यात. आरोप काय, त्यातलं काय सिद्ध करावं लागतं, पोलिसांपुढे गप्प बसण्याचा अर्थ काय, हे त्यांनी कागदावर चौकटी काढून समजावलं. मग माझं पत्र वाचलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"केलं नव्हतंत तरी?"

"हो."

"का?"

"सवय," मी म्हणाले. त्या एवढंच म्हणाल्या, "हे आता मागे घेता येत नाही. पोलिसांकडे दुसरा पुरावा जवळपास नाहीच. हाच आहे."

म्हणजे पुरावा मीच पुरवला होता. मनापासून.

जबाबाला मी गप्प राहिले. नोकरीवरून निलंबित केलं. नोकरी गेली की राहण्याचा परवाना जातो. आणि शिक्षेची नोंद झाली, तर पुढच्या नोकरीला लागणारा चारित्र्याचा दाखला मिळत नाही. बाबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. ते फोनवर विचारायचे, थंडी आहे का. आहे, मी म्हणायचे.

मग सरकारी वकिलांच्या कचेरीत बोलावलं. तरुण, हसरा माणूस. त्यानं दुभाष्यामार्फत प्रस्ताव ठेवला: साठ तास समाजसेवा, कोर्ट नाही, प्रकरण बंद. वकीलबाई हळूच म्हणाल्या, "मान्य केलंत तर नोंद राहील. नाकारलंत तर कोर्ट, आणि तिथे जिंकाल असं वचन मी देत नाही."

आदल्या दिवशी सरांचा मेसेज आला होता. 'घेऊन टाक, सुटशील', आणि खाली जोडलेल्या हातांची इमोजी.

दुभाषी सौम्य आवाजात म्हणाले, "ताई, ते विचारतायत, मान्य आहे ना?"

'ना' त्यांनी स्वतःच्या पदरचा घातला होता. आपल्याकडे प्रश्न असाच विचारतात, उत्तर आत भरून. मी आयुष्यभर अशा प्रश्नांना मान डोलावली आहे.

"नाही."

"नीट विचार करा, असं ते म्हणतायत."

"झालाय करून. मी केलं नाही. पासवर्ड सरांनीच दिला होता. हे शब्द जसेच्या तसे सांगा, ताईचा सूर लावू नका."

सरकारी वकिलानं मान हलवली आणि पेन उचललं. मला धीर वगैरे काही आला नव्हता.

तारीख अजून लागलेली नाही. पत्र माझ्या विरोधात आहे, सही माझी आहे, उरलेले तिघे माझा फोन उचलत नाहीत. बहुधा मी हरेन. परवाना जाईल, बॅग भरावी लागेल. पण शिक्षा द्यायची असेल, तर ती न्यायाधीशानं द्यावी, भर कोर्टात, कारणं लिहून. सरांना साक्षीला बोलवा, असा अर्ज आम्ही दिला आहे. त्यांनी शपथेवर सांगावं, पासवर्ड कोणाला दिला होता. माझ्या संमतीनं मी आता गुन्हेगार होणार नाही.