मी गोळ्या खात होते

टीबी झाला याचं मला फार नवल वाटलं नाही. एमआयडीसीत बियाणं निवडताना नाकातोंडात धूळ जायची, खोकला तर अर्ध्या बायकांना होता. डोकं फिरलं ते नंतर. महिनोन् महिने औषध घेऊनही बेडक्यात जंतू निघतच राहिले आणि सगळ्यांनी एकच निकाल दिला: ही गोळ्या खात नाही, मोरीत टाकते.

लेक मंठ्याला, माझ्या भावाकडे होती. बेडका साफ आला की तिला आणायचं ठरलं होतं. सासूबाई तिला फोनवर सांगायच्या, "तुझ्या मायला बरंच व्हायचं न्हाई. गोळ्याच खात न्हाई ती." मी तिथंच बसलेली असायचे. हळूहळू लेकीनं माझ्याशी बोलणं सोडलं. नुसता संताप यायचा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारलं, "खरं सांगा, चुकवता ना?" मी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. ताजी लघवी, नारिंगी. या गोळ्यांनी तसा रंग येतो हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

"बघा. ह्यात काय मी रंग कालवून आणलाय?"

रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी नाही हसले.

बाईंनी बाटली उजेडाकडे धरून पाहिली. मग म्हणाल्या, "औषध तुमच्या अंगात टिकतंय का, ते तपासू." दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर गोळ्या गिळल्या, मग थांबून थांबून रक्त काढलं. माझं शरीर त्या गोळ्यांतलं एक औषध इतक्या झपाट्यानं निकामी करतं, की जंतू मारायला ते पुरेसं उरतच नाही, असं निघालं. काहींचं जन्मापासूनच तसं असतं म्हणे. डोस वाढवला. पुढं बेडका साफ आला.

सासूबाई गल्लीत सांगू लागल्या, "आमच्या सुनेला औषधबी जल्दी पचतं!"

"पचायचं ऱ्हाऊ द्या," मी सगळ्यांसमोर म्हणाले, "गोळ्या खात होती, एवढं सांगा."

त्या काहीतरी पुटपुटल्या. मी त्यांना 'खात होती' हे मोठ्यानं म्हणायला लावलं. कुणाला उद्धट वाटलं असेल तर वाटू दे.

लेकीला आणायला मीच गेले. ती दाराआड उभी, जवळ येईना. मी खाली बसून तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"मंग आजी खोटं बोलली?"

मोठ्यांना खोटं म्हणायचं नाही, हे मीच तिला शिकवलं होतं.

"हो," मी म्हणाले, "खोटं बोलली."

तेव्हा कुठं ती बाहेर आली.