स्मार्ट फळ्याला हार

मी एकोणीस वर्षं चित्रकला शिकवतो आहे, आणि दर जूनमध्ये माझा तास कोणीतरी गणिताला द्यायला निघतं.

यंदा हेडमास्तर म्हणाले, "सर, नवीन स्मार्ट फळा आला ना, तो कोणत्या विषयाले कामी येते हे पाहाले शिक्षण खात्याचे साहेब येऊन राह्यले. गुरुवारी तुमचा पाठ जमला नाई, तर तुमचा तास गणिताले!"

"देतच नाई!" मी गरजलो. (घरी मी इतक्या मोठ्यानं बोलत नाही.)

घरी बायकोला, शोभाला, सांगितलं. तिचं माहेर तळ्यात मासे धरणाऱ्यांचं. त्यांच्याकडे नवं जाळं असो की नवी मोटारसायकल, हार घातल्याशिवाय कामाला लावत नाहीत.

"अवो, एवढा महागाचा फळा, अन् बिनहाराचा?" ती म्हणाली. "मीच आणतो झेंडूचा!"

गुरुवारी ती गुडघ्यापर्यंत लोंबणारा हार घेऊन हजर! मी स्वतः स्टुलावर चढून तो फळ्याला घातला. उदबत्ती ओवाळली. (नारळ फळ्यावर फोडायचा नाही, एवढं तरी सुचलं!)

साहेब मागच्या बाकावर बसले. पाठ होता 'आपलं जंगल'. मी हिरवा रंग निवडला, आणि बोट टेकवायच्या आधीच फळ्यावर एक रेघ उमटली. मग दुसरी. मग एकदम सात!

"सर तं हात न लावताच काढून राह्यले!" पोरं खूश.

मी पुसलं. पुन्हा रेघा! फळा बंद करून सुरू केला, तर दुप्पट जोमानं रेघा! रुमालानं काच घासली, तर घासल्याच्या खुणाही हिरव्या उगवल्या. हेडमास्तर माझ्या कानाशी आले. "सर, गेला तास."

माझं डोकंच सटकलं. "साहेब, फळा बिघडला, चित्रकला नाही! कोळशाचा तुकडा द्या, मी भिंतीवर शिकवतो. या पोरांच्या दाराशी एवढं जंगल, अन् ते रंगवायला आठवड्यातून एक तास नसावा? मी तास देणार नाही!" मी खडू उचलून जुन्या काळ्या फळ्याकडे निघालो.

तेवढ्यात दारातून शोभा ओरडली, "अवो, पंखा बंद करा आधी! फूल जिकडं हालते, रेघ तिकडंच जाते. मासा लागला का म्हणून गरीची तरंगती काडी पाहून पाहून डोळे तयार झाले माह्ये, मले दिसते ना!"

पंखा बंद झाला. रेघाही बंद! त्या स्मार्ट फळ्याला बोट कोणतं अन् झेंडू कोणता, हेच कळत नव्हतं. आणि हार घालणारा स्टुलावरचा शहाणा मी!

साहेब उठून फळ्याजवळ आले. मान तिरपी करून रेघा बघितल्या.

"बांबूचं बन. वारा सुटलेलं," ते म्हणाले. "सर, व्हरांड्यातली तुमची चित्रं येताना पाहिली. फार आखडलेली आहेत हो. असं मोकळं काढत जा. तास राहू द्या."

तास राहिला. तो माझ्या भाषणामुळेच राहिला, असं मी शिक्षकांच्या खोलीत आजही ठणकावून सांगतो. मात्र साहेब पुन्हा येणार असल्याचं कळलं, तेव्हा मी हळूच शोभाला म्हणालो, "या वेळी हार जरा लांब कर. अन् पंखा मी पाचावर ठेवतो."