सुमामावशीचं इटालियन

फोन आला तेव्हा मी शारजाच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत अडकले होते. मावशीच्या शेजारच्या केरळी आँटींचं नाव स्क्रीनवर दिसलं आणि मी तो वाजू दिला... उचलला तर काहीतरी खरं होईल, असं वाटत होतं. शेवटी उचलला. "बेटा, कहाँ तक पहुँची? आराम से आना," त्या म्हणाल्या. एरवी ‘यल्ला, जल्दी आओ, तुम्हारी मौसी भूखी बैठी है’ म्हणून ओरडणाऱ्या बाई ‘आराम से’ म्हणाल्या, तेव्हाच मला कळलं. पुढची गाडी हलत नव्हती, मागचा हॉर्न वाजवत होता, आणि माझा पाय उगाचच ब्रेकवर वर-खाली होत होता. आता काही आठवडे झाले, पण तो पाय अजून थांबलेला नाही. कुठेही बसले की हलत राहतो.

सुमामावशी म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. लग्न केलं नाही. रत्नागिरीकडच्या गावातून तरुणपणी इथे आली आणि दुबईच्या अल क्वोज भागातल्या एका इटालियन फरशांच्या गोदामात ऑफिस सांभाळायला लागली. तिचा मालक इटालियन होता. दर फेब्रुवारीत तिकडच्या एका समुद्रकाठच्या गावात गाण्यांची मोठी स्पर्धा होते. पाच दिवस, रोज संध्याकाळी चालते आणि सगळा देश ती टीव्हीवर बघतो. इथे ती पोहोचते तेव्हा रात्र झालेली असते, म्हणून मालक दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात रेकॉर्डिंग लावायचा. स्टेजवर फुलांचे ढीग, मागे आख्खा ऑर्केस्ट्रा, आणि गाणाऱ्याने एका लांबलचक जिन्यावरून उतरत यायचं. मावशीला पहिल्याच वर्षी तो जिना आवडला. "उतरतानाच कळतं गं कोण घाबरलंय," ती म्हणायची. मालक निवृत्त होऊन गेला, तरी तिने ते चॅनेल शारजाच्या घरी घेतलं.

मी दुबईतल्या इंग्रजी शाळेत वाढले, आणि चार माणसांत मला आजही बोलता येत नाही. मावशीकडे मात्र बोलायची गरजच नसायची. स्पर्धेच्या आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी बांगड्याचं तिखलं आणि भात घेऊन टीव्हीसमोर बसायचो, आणि बोलायची ती.

"ह्याचा सूट भाड्याचा आहे. खांद्यात बघ कसा उडतोय."

"मावशी, यू डोंट ईव्हन नो व्हॉट ही इज सिंगिंग."

"तुला तरी कुठे कळतंय? आणि मला निम्मं कळतं. ऐक... ‘नावे’ म्हणाला. नाव! होडी!"

गंमत म्हणजे ते बरोबर होतं. इटालियनमध्ये ‘नावे’ म्हणजे जहाज. तिने मालकाला विचारलं होतं आणि त्याने कागदावर जहाज काढून दाखवलं होतं. परीक्षक गुण वाचायचे तेव्हा ‘सेत्ते’ म्हणजे सात आणि ‘नोवे’ म्हणजे नऊ, हेही तिने स्वतःच ओळखलं होतं. "आपलीच भाषा आहे ती, जरा तोंड वाकडं करून बोलायची," असं तिचं मत होतं. त्यामुळे पुढे जे झालं, त्यात तिची काहीच चूक नव्हती.

एका वर्षी एक बारकीशी मुलगी स्पर्धेत होती. साधा काळा ड्रेस, केस मागे बांधलेले. जिना उतरताना तिने कठडा घट्ट धरला होता. गाणं अगदी हळू सुरू झालं, आणि मग ऑर्केस्ट्रा थांबला आणि ती एकटीच म्हणाली, "माई..." परत म्हणाली, "माई..." लांब, श्वास संपेपर्यंत. मावशीने हातातलं ताट खाली ठेवलं.

मावशी आणि आई आपल्या आईला माई म्हणायच्या. माई गेल्या तेव्हा मावशीला इथे येऊन थोडेच महिने झाले होते. पासपोर्ट व्हिसाच्या शिक्क्यासाठी गेलेला होता आणि तो हातात येईपर्यंत तिकडचं सगळं आटोपलं होतं. मग ती गेलीच नाही. त्या दिवशी टीव्हीकडे बघतच तिने मला हे सांगितलं, एखाद्या ऑफिसातल्या गोष्टीसारखं. मग म्हणाली, "माझ्याच्याने एकदाही मोठ्याने रडवलं नाही. ही बघ, लाखो लोकांसमोर हाक मारतेय."

ती मुलगी शेवटची आली. मावशी दोन दिवस चिडलेली होती. "आईला हाक मारणाऱ्या पोरीला शेवटचा नंबर? मेल्यांना आया नाहीत का?" तेव्हापासून ते गाणं तिच्या फोनवर आलं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना ते चालू असायचं. ‘माई’ची जागा आली की तिचे हात थांबायचे.

मी पुढे फोनवरच्या एका ॲपवर इटालियन शिकायला लागले, आणि तिथे एक दिवस ‘माई’ हा शब्द आला. अर्थ : कधीच नाही. ते मी मावशीला सांगितलं नाही. मावशीनेच गेल्या हिवाळ्यात विचारलं. हृदयाचं ऑपरेशन होऊन ती घरी आली होती आणि तिला सगळ्या गोष्टी मार्गी लावायची घाई झाली होती.

"तुला आता येतं ना इटालियन? मग त्या पोरीचं गाणं मला नीट सांग. माईला ती काय म्हणते पुढे?"

"मावशी, राहू दे ना. तुला कळतंच आहे की."

"कळतं असं मला वाटतं. तुझं तोंड बघून वाटत नाही. सांग. खोटं सांगितलंस तर मला कळेल."

मी सांगितलं. आई नाही, कोणीतरी सोडून गेलेलं माणूस आहे. तू परत येशील... कधीच नाही. असं काहीतरी. मावशीने मान हलवली. "कधीच नाही," ती म्हणाली. "बरं. चहा ठेव." त्यानंतर ते गाणं तिने माझ्यासमोर परत लावलं नाही. मी मुद्दाम कान देऊन असायचे. दाराबाहेर बूट काढताना थांबून ऐकायचे. आतून फक्त बातम्यांचा आवाज यायचा. तिच्याकडे रडायला तेवढी एकच जागा होती, आणि ती आता राहिली की नाही हे मला विचारता आलं नाही. मग आँटींचा फोन आला.

मावशी गेल्यावर संध्याकाळी घरात बसवेना, म्हणून मी इटालियनच्या खऱ्या वर्गाला जायला लागले. तिथल्या बाई वयस्क आहेत, प्रत्येकाला नावाने उभं करतात. मागच्या आठवड्यात त्यांनी मला उभं करून प्रश्न विचारला. त्यात ‘फुजैरा’ हे इथलंच एक शहर होतं आणि ‘माई’ होतं. मी म्हटलं, "फुजैराला मी कधीच नाही गेले, असं तुम्ही म्हणताय?" वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "नाही, मी विचारतेय. सोबत नकाराचा शब्द असेल तर कधीच नाही. तो नसेल, तर प्रश्न असतो. कधी तरी गेलीस का?"

वर्ग सुटल्यावर मी थांबले. मी अशी कोणासाठी थांबत नाही. बाईंना ते गाणं ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, "नकार कुठे आहे इथे? ही विचारतेय. येशील का परत, कधी तरी?"

घरी आले ती सरळ इस्त्रीला उभी राहिले. इस्त्रीचे कपडे नव्हते, तर घडी घातलेले काढून परत करत बसले. फोनवर गाणं चालू होतं, पुन्हा पुन्हा तेच. प्रत्येक ‘माई’ला मी एकदा ‘कधीच नाही’ म्हणून बघत होते, एकदा ‘कधी तरी’. मावशीला फोन करून सांगावं, असं इतकं आतून आलं, की मी इस्त्री बाजूला ठेवली सुद्धा.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. तिने ही स्पर्धा कधी पाहिलेली नाही. "ताईचं खूळ" म्हणून ती त्यापासून लांबच राहिली. ती दारात थबकली. ऑर्केस्ट्रा थांबला होता.

"कोण गं ही?" आई म्हणाली. "माईला केवढ्या हाका मारतेय..."

मी तिच्याकडे बघितलं. मला आता त्या शब्दाचे दोन्ही अर्थ व्यवस्थित येत होते.

"स्पर्धेतली आहे," मी म्हटलं. "शेवटची आली होती."

आई इस्त्रीच्या कपड्यांशेजारी खाली बसली आणि तिने तोंडाला ओढणी लावली. "आवाज वाढव जरा," ती म्हणाली.