नसलेल्या देशाचा नकाशा

मैत्रिणी नोकरीसाठी पुण्याला गेल्या आणि मी धाराशिवातच राहिले. दुपारी खोलीचं दार लोटून मी एका नसलेल्या देशाचा नकाशा रंगवायचे. कागद जुना दिसावा म्हणून त्यावर चहाचं पाणी फिरवलं होतं. मध्ये डोंगर, डोंगरावर एकच घर.

वडील जमिनीची मोजणी करतात. एकदा ते आत आले आणि सवयीनं नकाशावर वाकले.

“घर लई छान काढलंयस. पण ह्याला वाट कुठंय? आम्ही मोजणीला गेलो की आधी वाट शोधतो.”

“तिथं कुणी यायचंच नाहीये, पप्पा.”

“आन् तुला बाहेर पडायचं असलं, तर?”

ते गेल्यावर मी बारीक ब्रश घेऊन घरापासून वाट काढायला लागले. डोंगर उतरून झाला, तरी ती पुढे कुणाकडे न्यावी, ते सुचेना.