कुटुंबप्रमुखाचे पॉइंट

तिचा नवरा इस्पितळांतली एक्स-रे मशीनं दुरुस्त करायचा. अर्धा महिना विमानात, नाहीतर हॉटेलात. तिकीट कंपनीचं, खोली कंपनीची, पण त्यावर मिळणारे पॉइंट मात्र त्याचे, आणि त्याच्या आयुष्यातला आनंद म्हणाल तर तेवढाच. विमानाचे वेगळे, हॉटेलचे वेगळे, क्रेडिट कार्डाचे आणखी वेगळे. ती स्वतः एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करायची. तिथल्या बायका तिच्या नवऱ्याला पॉइंटशेठ म्हणायच्या. तोंडावर म्हटलं असतं तरी त्याला मान मिळाल्यासारखंच वाटलं असतं.

आता हे पॉइंट कशासाठी, तर म्हणे तिच्यासाठी. तिला ताईकडे पाठवायला. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच हिची वेणीफणी केली, शाळेत सोडलं, आणि मग लग्न होऊन सातासमुद्रापार निघून गेली. ताईचा फोन आला की ही न चुकता सांगायची, "पॉइंट जमले की येतेच बघ." न्हाणीघरातल्या फळीवर हॉटेलांच्या साबणवड्यांची चळत लागली होती, पण हिनं विमान पाहिलं होतं ते गच्चीवरून.

जायचा विषय काढला की नवरा म्हणायचा, "थांब." साध्या खुर्चीवर पॉइंट उडवणं म्हणजे त्याच्या मते शुद्ध वेडेपणा. "हॉटेलचे पॉइंट पुढच्या महिन्यात विमानात वळवले की वर जादा मिळतात. मग तू पाय पसरून, झोपून जाशील."

"अहो, मला बसून जायचंय," ती म्हणायची. ऐकतंय कोण? पुढचा महिना यायचा, विमान कंपनी एका रात्रीत दर वाढवायची, आणि ये रे माझ्या मागल्या. एकदा तर कार्डाचे पॉइंट बाद होऊ नयेत म्हणून त्यानं तिसरा मिक्सर आणला. पहिले दोन धडधाकट होते. तिनं तो मिक्सर खोक्यासकट माळ्यावर टाकला आणि दोन दिवस नवऱ्याशी अबोला धरला. व्हिसा तेवढा तिनं स्वतः खटपट करून काढून ठेवला होता, आणि तोही आता संपत आला होता.

अशात ताईच्या मुलाचा फोन आला. "मावशी, आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय, सोमवारी. ती सारखी तुझं नाव घेते. त्याआधी येता आलं तर बघ."

त्या दिवशी तिचा चेहरा पाहून नवऱ्यानं 'थांब' म्हणायचं धाडस केलं नाही. दुपारभर बसून हॉटेलचे पॉइंट विमानात वळवले, कार्डाचे वळवले, विमानाचे पॉइंट आधीपासून ज्यात साठत होते, त्या कुटुंबाच्या खात्यात सगळे ओतले. आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं. हे खातं उघडताना फॉर्मवर 'कुटुंबप्रमुख' असा रकाना होता. बाप जिवंत असताना तिथं स्वतःचं नाव लिहायला याचा हात धजेना. जन्मात विमानात न बसलेले सासरे त्यामुळे खात्याचे मालक झाले, आणि तिकीट काढायचा ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येणार होता.

तो आलाही. सासरे खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते.

"बाबा, तो नंबर सांगा."

"ओटीपी कुणाला सांगायचा नसतो. बँकेतल्या मुलीनं बजावलंय."

"मी कुणी परका आहे का? मुलगा आहे तुमचा."

"मुलगा सोडून, असं काही ती म्हणाली नव्हती."

नंबर येत राहिले आणि वाया जात राहिले. शेवटी खातंच बंद पडलं. हिला वाटलं, बापलेकांना एकाच माळ्यावर त्या मिक्सरशेजारी नेऊन ठेवावं. नवऱ्यानं विमान कंपनीला फोन लावला, तर पलीकडची बाई म्हणाली, "मी फक्त कुटुंबप्रमुखांशीच बोलू शकते."

सासऱ्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि फोनचा स्पीकर सुरू केला. "बोला. मीच तो."

आधी त्यांची जन्मतारीख वगैरे विचारून त्या बाईनं खातं पुन्हा उघडलं. मग म्हणाली, झोपून जायची जागा थेट पुढच्या आठवड्यात, बुधवारी आहे. उद्या सकाळी फक्त साधी खुर्ची, शेवटच्या रांगेत.

"बाबा, बुधवार," नवरा हातवारे करत कुजबुजला. "साध्या खुर्चीत पॉइंट मातीमोल होतात."

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. "ऑपरेशन कधी म्हणालीस?"

"सोमवारी, बाबा."

"उद्याचं द्या," ते फोनमध्ये म्हणाले.

"अहो बाबा, पण..."

"प्रमुख कोण?" सासऱ्यांनी विचारलं. नवऱ्यानं हात खाली घेतले.

"आणि काय हो," सासऱ्यांनी फोनवरच्या बाईला विचारलं, "पॉइंट पुरतायत ना?"

"सर, साध्या खुर्चीपुरते तर या खात्यात कित्येक वर्षांपासून आहेत."

नवऱ्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. तिला त्याचा इतका राग आला की ओरडायचंही सुचेना, मग ती उठली आणि बॅग भरायला गेली.

शेवटच्या रांगेत, शौचालयाच्या दाराशी, दोन जाड्या माणसांच्या मध्ये गुडघे आखडून ती गेली. झोप लागली नाही, आणि नकोही होती.

ताई इस्पितळाच्या खाटेवर एवढीशी झाली होती. हिला दारात पाहून तिनं हात पुढे केला.

"आलीस," ती म्हणाली. "जमले का गं शेवटी पॉइंट?"

हिनं तिचा हात धरला. एरवी लोकांच्या हाताची शीर बघताक्षणी सापडायची, आज डोळ्यांतल्या पाण्यानं काही दिसत नव्हतं.

"जमले होते ताई," ती म्हणाली. "कधीचेच जमले होते."