कापडात बांधलेलं डाळिंब

आज आईने बाल्कनीतल्या डाळिंबाला माझ्या जुन्या युनिफॉर्मचं कापड बांधलं. कीड लागू नये म्हणून बांधतात तसं. रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलेलं झाड, त्याचं हे दुसरं फळ.

माझ्या शाळेच्या फीसाठी काकांकडून घेतलेलं कर्ज आम्ही अजून फेडतो आहोत, म्हणून घरात विकतचं फळ येत नाही. पहिलं डाळिंब आईने देवापुढे ठेवलं आणि मग समोरच्या इमारतीत काकूला नेऊन दिलं. काकूने ते हातात तोलून पाहिलं.

"डाळिंबं परवडतात वाटतं हल्ली! मजा आहे बाई तुमची."

"घरचं आहे हो ताई, कुंडीतलं."

"असेल, असेल."

मी शेजारीच उभी होते. कर्ज असलेल्या घरात काही गोड पिकलं, तर त्याचाही खुलासा द्यावा लागतो.

आज आईने गाठ जरा जास्तच आवळली. मग मला खाली पाठवलं, समोरून काही दिसतं का ते बघायला. मी काकूच्या इमारतीच्या फाटकापाशी उभं राहून वर पाहिलं. निळं कापड दिसत होतं, फळ दिसत नव्हतं.

"नाही दिसत," मी येऊन सांगितलं.

"कीड फार झालीय," आई म्हणाली.